रोजचा प्रश्न आणि गावची खबरबात

डोंगरकड्यातल्या एखाद्या मोबाइल गटाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. नांदेड-हिंगोली रस्त्यावरचे, कळमनुरी तालुक्यातले हे गाव. आजूबाजूला केळी आणि हळद. सकाळी सातच्या सुमारास निवृत्त गुरुजी गटावर प्रश्न टाकतात : ‘वर्ल्ड वाइड वेबचा शोध कुणी लावला आणि कुठे?’ उत्तरे येऊ लागतात. कुणी बिल गेट्सचे नाव घेतो, कुणी अमेरिकेच्या लष्कराचे. मध्येच एकाचा निरोप येतो, ‘गुरुजी, रातच्याला लाइट नव्हती, फोन आत्ता चालू झाला.’ दुसरा लिहितो, ‘वाऱ्यानं केळी आडवी झाली बगा.’ एक आजी कळवतात, ‘नातीला ताप हाय, उत्तर उद्या देते.’ प्रश्न एका ओळीचा आणि गप्पा चाळीस ओळींच्या. हा रिकामटेकडा उद्योग वाटू शकतो. आरोग्याच्या दृष्टीने मात्र त्यात मोलाचे काही आहे. फक्त लोक ज्या ठिकाणी ते शोधतात, त्या ठिकाणी ते नाही.

आधी त्या प्रश्नाचे उत्तर. इंटरनेट आणि वेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. इंटरनेट म्हणजे संगणकांना जोडणारे जाळे. त्याची सुरुवात अमेरिकेतल्या अर्पानेटपासून झाली. 29 ऑक्टोबर 1969 रोजी त्यावरून ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता, पण पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा बंद पडली. वेब त्यानंतर वीस वर्षांनी आले. जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च 1989 मध्ये त्याचा प्रस्ताव मांडला. हजारो शास्त्रज्ञ येत-जात असत, कागदपत्रे हरवत असत आणि कोणती माहिती कुठे आहे हे सापडत नसे. यावर त्यांनी सुचवलेला उपाय असा, की एका कागदातून दुसऱ्या कागदाकडे नेणारा दुवा द्यायचा. सर्नने 30 एप्रिल 1993 रोजी हे तंत्रज्ञान सर्वांसाठी मोफत खुले केले. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगममार्फत आणि तेही मोजक्या महानगरांत.

आता आरोग्याचा मुद्दा. ‘रोज कोडे सोडवा, विसरभोळेपणा टाळा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. हा दावा जरा जपूनच घ्यायला हवा. मेंदूचे खेळ विकणाऱ्या ल्युमोसिटी या अमेरिकी कंपनीने आपल्या खेळांनी वयानुसार होणारी स्मृतीची घसरण रोखता येते, अशा अर्थाची जाहिरात केली होती. पुरेसा पुरावा नसताना असे दावे केल्याबद्दल 2016 मध्ये तिला तिथल्या व्यापार आयोगाशी 20 लाख डॉलरची तडजोड करावी लागली. अमेरिकेत 2,802 ज्येष्ठांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत स्मृती, तर्क आणि वेग यांचे वेगवेगळे प्रशिक्षण दिले गेले. ज्याने जे शिकले त्यात तो सुधारला, पण दोन वर्षांनंतरही रोजच्या कामांत फारसा फरक दिसला नाही. पुढच्या पाठपुराव्यात वेगाच्या प्रशिक्षणाबाबत काही आशादायक संकेत मिळाले. तरीही त्यावरून सामान्यज्ञानाचा प्रश्न म्हणजे डिमेन्शियावरची लस, असे म्हणता येत नाही.

मग प्रश्नोत्तरांचा उपयोग काय? एक उपयोग चांगला सिद्ध झालेला आहे. नुसते पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःला प्रश्न विचारून आठवण्याचा प्रयत्न केला, तर माहिती जास्त काळ टिकते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे विद्यार्थ्यांवर दाखवून दिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर विचारले तेव्हा आठवून पाहणारे पुढे होते. उत्तर चुकले तरी बिघडत नाही, फक्त बरोबर उत्तर लगेच कळले पाहिजे. दहावीच्या मुलांना याचा फायदा आजोबांइतकाच, कदाचित जास्तच आहे.

पण खरा ऐवज आहे तो त्या चाळीस ओळींत. लॅन्सेट आयोगाच्या 2024 च्या अहवालाने डिमेन्शियाचे 14 टाळता येण्याजोगे धोके मोजले. ते सगळे दूर करता आले तर जवळपास 45 टक्के रुग्णांत आजार टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कमी शिक्षण, कमी ऐकू येणे, अधू दृष्टी यांच्याबरोबर माणसांपासून तुटणे हाही एक धोका आहे. भारतात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. हे सुमारे 88 लाख लोक होतात. प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आहे. मुले पुण्याला किंवा संभाजीनगरला गेली, घरी म्हातारा-म्हातारी उरले, ही मराठवाड्यातल्या गावोगावची स्थिती आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने 2025 मध्ये जगात दर सहांपैकी एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला असल्याचे सांगितले. यावर कुठलीही गोळी नाही. रोज सकाळी कुणीतरी आपल्या उत्तराची वाट पाहते, हे मात्र घडवून आणता येते.

यात एक अगदी व्यवहाराची गोष्टही आहे. रोज सर्वांत आधी उत्तर देणारे आबा एखाद्या दिवशी गप्प राहिले, तर कुणीतरी विचारेल, ‘आबा कुठं हायेत?’ शेजारचा पोरगा डोकावून येईल. चेहरा एका बाजूला झुकला असेल, हात उचलत नसेल, बोलणे अडखळत असेल, तर तो पक्षाघात असू शकतो. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. गावातून नांदेडच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचणे आणि तपासणी होणे यातच बराच वेळ जातो. अशा वेळी सकाळी नऊला कळणे आणि संध्याकाळी कळणे यात जन्माचे अंतर पडते. 108 ला फोन आधी करायचा, गटावर चर्चा नंतर.

याच गटाची दुसरी बाजू धोक्याची आहे. दुपारी त्याच गटावर एक फॉरवर्ड येतो : ‘हळद घ्या, शुगरची गोळी सोडा.’ हिंगोली जिल्ह्यात हळद हे घरचे पीक, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालेले. त्यामुळे तिच्याविषयी चांगले लिहिले की लगेच पटते. भाजीतली हळद उत्तम आहे. पण तिच्यातले कर्क्युमिन आतड्यांतून फार कमी शोषले जाते आणि ते मधुमेहाच्या गोळीची किंवा इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. उलट जास्त मात्रेच्या हळदीच्या कॅप्सूलने काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. इन्सुलिनवर जगणाऱ्याने ते अचानक बंद केले, तर काही दिवसांत जिवावर बेतते.

इथे सकाळचा प्रश्न कामाला यावा. वेब जन्माला आले ते दुवा देण्यासाठी. वाचणाऱ्याला विधानापासून त्याच्या मुळापर्यंत जाता यावे, हा त्यामागचा विचार. फॉरवर्डमध्ये नेमके तेच गायब असते. कुणी लिहिले, कधी, कशावरून, काहीच कळत नाही. सर्नचे नाव पाठ होणे ही मोठी कमाई नव्हे. ‘हे कुठून आले?’ असे विचारायची सवय लागणे ही मोठी कमाई.

म्हणून असे गट चालवणाऱ्यांनी चार पथ्ये पाळावीत. प्रत्येक उत्तराबरोबर ते कुठे मिळाले हे सांगावे. चुकणाऱ्याची टिंगल करू नये, नाहीतर कमी शिकलेली माणसे आणि बाया आधी गप्प होतात. तापाची, छातीत दुखण्याची विचारपूस गटावर जरूर करावी, औषध मात्र गटावर सांगू नये, आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवावा. आणि ज्यांच्याकडे फोन नाही किंवा अक्षर दिसत नाही, त्यांच्यासाठी तोच प्रश्न पारावर मोठ्याने वाचावा. मोतीबिंदू आणि बहिरेपण यांची तपासणीही त्यानिमित्ताने करून घ्यावी.

गुरुजींसाठी उद्याचा एक प्रश्न : वेबचा जन्म आणि औंढा नागनाथ यांचा संबंध काय? सर्नमध्ये शास्त्रज्ञ विश्वातले सूक्ष्म कण शोधत होते, वेब ही त्या कामाच्या सोयीसाठी केलेली वस्तू. आपल्याच जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहत आहे. केंद्राने 2023 मध्ये तिला सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. त्यातून पुढे लोकांच्या उपयोगाचे काय निघेल, याचे उत्तर आज कुणीच देऊ शकत नाही. त्या दिवशी गटावर सगळ्यांना सारखेच गुण द्यावे लागतील.