फोटो बारा, नकाशा शून्य

घर विकायच्या जाहिराती वाचणं हा माझा जुना छंद. घ्यायचं काही नसतं, नुसतं वाचायचं. सगळ्या जाहिराती एकाच माणसाने लिहिल्यासारख्या. "प्रशस्त", "हवेशीर", "वास्तूनुसार", "स्टेशनपासून पाच मिनिटं" (कुणाची पाच मिनिटं, ते विचारायचं नाही). खाली बारा फोटो. त्यातले दोन लिफ्टचे, एक दाराशेजारच्या गणपतीच्या टाइलचा आणि चार एकाच हॉलचे, चार कोपऱ्यांतून काढलेले. वाइड अँगल लेन्समुळे तो हॉल बॅडमिंटन कोर्टासारखा दिसतो.

नकाशा? नाही.

मला हे अजब वाटतं. सहा लाखांची गाडी घ्यायला जा, लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरमध्ये छापून हातात देतात. आणि सत्तर लाखांचं घर आपण "प्रशस्त" या एका विशेषणावर बघायला निघतो!

लगेच कुणीतरी म्हणेल, अहो, आता कार्पेट एरिया सांगतात ना. सांगतात, आणि ते फार बरं झालं. पूर्वी 'सुपर बिल्ट-अप'च्या नावाखाली जिना, लॉबी, लिफ्टचा खड्डा सगळं आपल्या गळ्यात मारायचे. 2016 चा रेरा कायदा आला, 1 मे 2017 पासून महारेरा सुरू झालं आणि कार्पेट एरियाची व्याख्या पक्की झाली. आतल्या भिंती धरायच्या. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची वगळायची. उत्तम. पण झालं असं की आपण त्या आकड्यावरच थांबलो. सहाशे स्क्वेअर फूट म्हणजे सहाशे स्क्वेअर फूट, विषय संपला.

कसा संपेल? तीन फूट रुंद, पंधरा फूट लांब पॅसेज असला की पंचेचाळीस स्क्वेअर फूट गेले. कायद्याने ते कार्पेटमध्येच येतात. दहा हजारांचा भाव धरा, साडेचार लाख झाले. एवढे पैसे देऊन काय मिळालं, तर चालायला बोळ! शेजारच्या बिल्डिंगमध्ये तेवढ्याच सहाशे फुटांत पॅसेज नसलेलं घर असू शकतं. आकडा तोच, भाव तोच, घर वेगळं. हा फरक फोटोत दिसत नाही, कारण पॅसेजचा फोटो कुणी टाकतच नाही.

किंवा बेडरूम घ्या. "टेन बाय टेन" ऐकायला छान वाटतं. साडेसहा फुटी पलंग भिंतीला लावला, उरले साडेतीन फूट. समोरच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट, उरला दीड फूट. आता कपाटाचं दार उघडायचं तर माणसाने पलंगावर बसायचं. हे नकाशावर पेन्सिलने दोन मिनिटांत कळतं. नाहीतर सामान आणल्यावर कळतं.

माझा एक मित्र गेल्या वर्षी घर शोधत होता. आई वॉकर घेऊन चालते. त्याची मागणी एकच, बाथरूमचं दार किती रुंद आहे आणि आईच्या खोलीपासून किती लांब आहे तेवढं सांगा. एकाही दलालाने सांगितलं नाही. "साहेब, आधी बघून तर घ्या!" तीन महिने प्रत्येक रविवारी तो मेजर टेप घेऊन हिंडला. निम्म्या घरांत दारातच "नाही" कळायचं, मग मालकीणबाईंनी केलेला चहा ओशाळवाणेपणाने प्यायचा. त्यांचाही रविवार फुकट, याचाही.

मग का देत नाहीत? आळस हे एक कारण आहेच. दुसरं असं की माणूस एकदा घरात आला, खिडकीतून झाड दिसलं, की निम्मं काम होतं. नकाशा आधीच दिला तर डायनिंग टेबलासमोर उघडणारं संडासाचं दार दिसतं. आणि जुन्या करारनाम्याला जोडलेल्या नकाशात बाल्कनी असते, ती हॉलमध्ये कधी घेतली, कुणाला विचारून घेतली, हे प्रश्न येतात. प्रश्न यायलाच हवेत! उद्या नोटीस आली तर ती नव्या मालकाच्या दारात येणार आहे.

नव्या इमारतींचं थोडं बरं आहे, बिल्डरला मंजूर नकाशे महारेराच्या साइटवर टाकावे लागतात. चकचकीत ब्रोशरमधल्या नकाशावर मात्र जाऊ नका. त्यातला पलंग बाहुलीचा असतो. ज्यावर मापं लिहिलेली नाहीत तो नकाशा नव्हे, रांगोळी. आणि रीसेलला तर यातलं काहीच बंधन नाही, सगळं मालकाच्या मर्जीवर.

जपानमध्ये घराच्या जाहिरातीत 'मादोरी', म्हणजे खोल्यांचा नकाशा, हमखास असतो आणि खोली किती ताटामी चटयांची तेही लिहिलेलं असतं. आपल्याकडेही माप होतंच की. आजोबा-पणजोबा 'दोन खणी खोली' म्हणायचे, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खोली उभी राहायची. तो खण गेला आणि 'प्रशस्त' आलं.

गंमत म्हणजे आपल्याकडे नकाशा हट्टाने मागणारी जमात एकच, वास्तुवाली. उत्तर कुठे आहे ते त्यांना हवंच असतं. वास्तूवर माझा काडीचा विश्वास नाही, पण ते उत्तरेचं चिन्ह मलाही हवंय. पुण्यात मे महिन्यात पश्चिमेच्या बेडरूममध्ये संध्याकाळी बसून बघा, मग बोलू.

तर घर विकायला काढणाऱ्या मंडळींनो, आर्किटेक्ट लागत नाही. पाच मीटरची टेप, आलेखाचा कागद, एक चौकोन म्हणजे एक फूट. भिंतीपासून भिंतीपर्यंत आतून मोजा. दारं कुठल्या बाजूला उघडतात ते काढा, त्यांची रुंदी लिहा. खिडक्या दाखवा, कॉलम काळे करा, उत्तर दाखवा. बाल्कनी आत घेतली असेल तर ती तुटक रेषेने दाखवा, लपवू नका. तासाभराचं काम आहे. मोबाइलवर फोटो काढून दलालाला पाठवा. तो म्हणेल, जाहिरातीत जागा नाही. त्याला सांगा, गणपतीची टाइल काढ आणि तिथे हे टाक.