बाराच्या आत माघारी फिरा

सुट्टीत औलीला निघालात? जरूर जा. उत्तराखंडात जोशीमठच्या वर हिवाळ्यात ज्या उतारांवर स्कीइंग चालतं, तेच उतार मे-जूनमध्ये हिरवेगार होतात. जंगलातून गोरसों बुग्यालच्या कुरणावर चढा, ७८१६ मीटर उंचीची नंदादेवी डोळे भरून पाहा, फेरी पूर्ण करून उतरा. मुलांनाही न्या. पण एक गोष्ट आजच पक्की करा: दुपारी बाराला तुम्ही कुरणावर नसाल, खाली उतरत असाल.

वळवाचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी लख्ख ऊन, दुपारी आभाळ भरून येतं आणि वीज कडाडते. तिथेही तसंच होतं. फरक इतकाच की कुरणावर ना घर, ना आडोसा. त्या मोकळ्या माळावर सगळ्यांत उंच तुम्हीच असता, तुमच्या खांद्यावरचं लेकरू असतं. मार्च २०२३ मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यात वीज पडून शेकडो शेळ्या-मेंढ्या जागीच मेल्या. वीज माणूस आणि मेंढरू यांत फरक करत नाही.

म्हणून उजाडताच निघा. ढग काळवंडले की फिरा. गडगडाट ऐकू आला तर फोटो नको, चहा नको; थेट उतरा. एकट्या झाडाखाली थांबू नका. घोळका करू नका, अंतर ठेवून चाला. पक्की इमारत किंवा बंद गाडी गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा.

दुसरा धोका आवाज करत नाही. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. गोरसोंचं कुरण तीन हजारांच्या वर. सकाळी ऋषिकेशहून निघालेली गाडी त्याच रात्री तुम्हाला दोन हजार मीटर वर आणून सोडते. शरीराला इतकी घाई झेपत नाही. डोकं ठणकतं, मळमळतं, जेवण नकोसं होतं. सह्याद्रीतले सगळे गड पालथे घातलेल्या तरुणालाही हे होऊ शकतं. लहान मुलाला तर सांगताही येत नाही. ते नुसतं किरकिरतं.

म्हणून पहिला दिवस विश्रांतीचा ठेवा. पाणी पीत राहा. डोकं दुखत असेल तर आणखी वर चढू नका. बसल्या जागी धाप लागली किंवा पाऊल अडखळू लागलं तर क्षणभरही थांबू नका, त्या माणसाला खाली आणा आणि ११२ वर फोन करा. ‘आजी, तुम्ही इथेच बसा, आम्ही टोकाला जाऊन येतो,’ असं कधीही म्हणू नका. एक थांबला की सगळे फिरले, हाच नियम.

‘एवढ्या लांब आलोय, आता टोकापर्यंत जाऊच.’ हे वाक्य प्रत्येकाच्या ओठावर येतं. तुमच्याही येईल. रजा मिळवलेली असते, पैसे साठवलेले असतात, मुलांना शब्द दिलेला असतो. तरीही फिरा. नंदादेवी पुढच्या वर्षीही तिथेच असेल. घरी वाट पाहणाऱ्यांना तुम्ही सगळेच्या सगळे परत हवे आहात.

म्हणून आज रात्री, बॅगा भरण्याआधी, घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. परत फिरायची वेळ ठरवा. ‘परत जाऊया’ हा शब्द सगळ्यांत धाकट्याने उच्चारला तरी सगळे ऐकतील, असं एकमेकांना वचन द्या. मगच निघा.