नाताळचे ताट आणि घरचे हात

डिसेंबरचा पंधरवडा उलटला की सासष्टी आणि बारदेश तालुक्यांतील गावांना नवी जाग येते. वर्षभर कड्या लावून असलेल्या घरांच्या खिडक्या उघडतात, दारोदारी ताऱ्याच्या आकाराचे कंदील लागतात आणि दाबोळी व मोपा या दोन्ही विमानतळांवर आखातातून, इंग्लंडहून परतणाऱ्या मुलांची रीघ लागते. गोव्याचा नाताळ हा देवघराइतकाच परतीच्या वाटेचा सण आहे. मात्र ही वाट ज्या घरात येऊन संपते, तेथील स्वयंपाकघराकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

तेथे साठी ओलांडलेली एक आई आठवडाभर उभी असते. दोदोलसाठी तांदळाचे पीठ, माडाचा गूळ आणि नारळाचा रस तांब्याच्या भांड्यात एकत्र करून तासन्‌तास घोटावा लागतो. हात थांबला की दोदोल तळाला लागलाच. बेबिंकाची परीक्षा याहून कठीण. अंड्यांचे बलक, नारळाचा रस, साखर, मैदा आणि जायफळ यांचे मिश्रण तुपावर एकेक थराने भाजायचे. वर निखारे ठेवून पहिला थर तांबूस झाल्याखेरीज दुसरा ओतायचा नाही. असे सात थर म्हणजे अर्धा दिवस. मुले बावीस-तेवीस तारखेला येतात तेव्हा डबे भरलेले असतात. ती कौतुकाने खातात आणि नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात उरलेले बांधून घेऊन जातात.

पूर्वी हे काम एकटीचे नव्हते. सासू, जावा, नणंदा आणि शेजारणी एकत्र बसत. कणकेच्या गोळ्या काट्याच्या पाठीवर किंवा फणीवर दाबून कुलकुल वळण्याचे काम तर मुलांचेच असे. हे हात पांगले, याला कारण आहे. गोव्यात पुरेसे काम नव्हते, म्हणून आधी मुंबई, मग आफ्रिका, मग आखात असा प्रवास झाला. १९६१च्या डिसेंबरपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या कायद्याने नागरिकत्वाचे दार उघडे ठेवले आणि त्या आधारे हजारो तरुण इंग्लंडमधील स्विंडनसारख्या शहरांत गेले. २०२०च्या अखेरीस ब्रिटनचा तो मार्ग बंद झाला. परंतु गेलेली मुले तेथेच स्थिरावली. त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल.

यावर एक सोपा उपाय सुचवला जातो: सर्व काही विकत आणावे. त्यात कमीपणा नाही. गावातील अनेक स्त्रियांचा संसार याच मागणीवर चालतो आणि थकलेल्या आईला विसावा मिळतो. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तथापि कायदा पदार्थाचे नाव राखू शकतो. तो करण्याची विद्या राखणे घराचेच काम आहे. आईला पीठ किती विचारले तर ती ‘पुरेसे’ म्हणते आणि साखर ‘लागेल तेवढी’. हे माप कागदावर उतरत नाही. तिच्या शेजारी उभे राहूनच ते शिकावे लागते.

शिवाय हे गोड केवळ घरच्यांसाठी कधीच नव्हते. पोर्तुगालमध्ये ‘कोंसुआद’ म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचे जेवण. गोव्यात मात्र त्याच शब्दाला शेजाऱ्यांकडे पाठवायच्या गोडाच्या ताटाचा अर्थ आला. चवथीला हिंदू घरातून आलेल्या नेवऱ्यांची परतफेड नाताळात नेवऱ्यांनीच होते. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झालेला असतो तेथे चुलीवर गोड चढत नाही. त्या घरी शेजाऱ्यांची ताटे जातात. आई थकली की आधी पदार्थांची संख्या घटते, मग ताटांची आणि शेवटी ती ज्या दारांत जात त्या दारांची. शेजारधर्म असा एकाएकी मोडत नाही, तो हळूहळू आटतो.

तेव्हा प्रश्न घरी केलेल्या आणि विकतच्या गोडाचा नाही. घरी येणारी कर्ती मुले पाहुणी म्हणून येतात की घरची म्हणून, हा खरा प्रश्न आहे. रजा मोजकी असते आणि डिसेंबरात विमानाचे भाडे भडकलेले असते, हे खरे. तरीही मिळालेल्या दिवसांपैकी दोन दिवस स्वयंपाकघराला देणे अशक्य नाही. त्यातही मुलींनीच पदर खोचावा आणि मुलांनी बाहेर गप्पा झोडाव्यात, ही विभागणी आता शोभत नाही. दोदोल घोटायला बळकट मनगट लागते. ते आखातात अवजड काम करणाऱ्या मुलाकडे आहेच. बेबिंका विकत आणावी, कुलकुल घरी वळावे. पण ताट घेऊन शेजाऱ्याच्या दारी मुलांनी स्वतः जावे.

हे केवळ ख्रिस्ती घरांचे गाऱ्हाणे नाही. चवथीला मुंबई-पुण्याहून येणारे चाकरमानी आणि दिवाळीच्या फराळावर ताव मारून परतणारे लेक-सुना यांनाही ते लागू आहे. सण आईने करायचा आणि बाकीच्यांनी साजरा करायचा, ही रीत आईच्या हयातीपुरतीच टिकते. तिच्यामागे ते ताट भरायचे असेल, तर ती चुलीपाशी उभी आहे तोवरच तिच्या शेजारी उभे राहिले पाहिजे.