क्षणभराची सावली

दक्षिण गोलार्धात जुलै हा ऐन हिवाळ्याचा महिना. २०१७ सालच्या जुलैमधील एका रात्री अर्जेंटिनातील कोमोदोरो रिवादाव्हिया या शहराने रस्त्यांवरील दिवे मालवले. जवळचा राष्ट्रीय महामार्ग दोन तास बंद राहिला. बोचऱ्या वाऱ्याला आडोसा म्हणून दुर्बिणींच्या बाजूला मालट्रक उभे केले गेले. वाहतुकीचा दोन तासांचा खोळंबा म्हणजे काय, हे व्यापारी वाचकांना सांगावयास नको. हा सारा खटाटोप होता एका सेकंदाहून फारशी मोठी नसलेल्या घटनेसाठी.

प्लूटोच्याही पलीकडे, सुमारे ६५० कोटी किलोमीटरवर, हबल दुर्बिणीला २०१४ मध्ये एक चिमुकली वस्तू सापडली होती. पुढे तिचे नाव ‘अरोकोथ’ ठेवण्यात आले. प्लूटोला भेटून पुढे निघालेले ‘न्यू होरायझन्स’ यान तिच्याकडे जावयाचे होते. परंतु ती केवढी, कोणत्या आकाराची, तिच्याभोवती यानाचा घात करील असा धुरळा आहे काय, यांपैकी काहीच ठाऊक नव्हते. हबललाही ती केवळ एक ठिपका दिसे. पाच हजार किलोमीटरवर ठेवलेले रुपयाचे नाणे आपणांस जेवढे दिसेल, तेवढीच ती.

अशा वेळी उपयोगी पडते ते पिधान. चंद्र एखाद्या ताऱ्याला झाकतो, तशीच ही वस्तूही कधी एखाद्या ताऱ्यासमोरून जाते आणि तो तारा क्षणभर मालवतो. ताऱ्याचे किरण जवळजवळ समांतर येत असल्याने पृथ्वीवर पडणारी सावली वस्तूएवढीच असते, आणि ती सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटर वेगाने धावते. सावलीच्या वाटेवर आडव्या ओळीत दुर्बिणी मांडल्या, की प्रत्येकीने नोंदलेला अंधाराचा काळ म्हणजे वस्तूचा एकेक छेद. सारे छेद जुळवले की आकार हाती येतो.

एकाच बाजूची नोंद मात्र फसवू शकते. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून जात असता तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेत तो तारा अनपेक्षितपणे झाकोळला. तेथील निरीक्षकांनी नवा उपग्रह असल्याचा तर्क मांडला. विमानातून वेध घेणाऱ्या अमेरिकी चमूला ग्रहाच्या दोन्ही बाजूंना तशीच मंदावणी पाच-पाच वेळा दिसली आणि युरेनसची कडी उघड झाली. आपल्या वहीत जमा आणि नावे दोन्ही बाजू पाहिल्याखेरीज ताळा लागत नाही, तसेच हे.

अरोकोथच्या बाबतीत अवघड होते ते भाकीत. सावली जेमतेम तीस-चाळीस किलोमीटर रुंद; अंदाज थोडा चुकला तरी पथक भलत्याच गावी उभे राहावयाचे. त्यासाठी ‘गाइया’ उपग्रहाने मोजलेली ताऱ्यांची स्थाने प्रसिद्धीपूर्वीच मागून घेतली गेली. तरीही ३ जूनला अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिकेत मांडलेल्या दुर्बिणींपैकी एकीलाही ताऱ्याची उघडझाप दिसली नाही.

त्या दिवशी पथकातील मंडळींचे चेहरे कसे झाले असतील, याची कल्पना करवते. पण रकाना रिकामा राहिला तरी तो हिशेबात धरावाच लागतो. वस्तू अपेक्षेपेक्षा लहान असावी आणि तिच्याभोवती धोक्याचा धुरळाही फारसा नसावा, एवढे त्या शून्याने सुचवले.

आणि मग १७ जुलै. मध्यरात्र उलटून गेल्यावर चोवीसपैकी पाच दुर्बिणींमधून तारा मालवला. पाच छेद जोडल्यावर आकृती एका गोळ्याची निघेना. दोन गोळे चिकटून बसावेत, तशी ती दिसली. जोडगोळी की एकच लांबट खडक, याविषयी तेव्हा निश्चित बोलता येत नव्हते.

१ जानेवारी २०१९ रोजी यान अरोकोथपासून साडेतीन हजार किलोमीटरवरून गेले. छायाचित्रांत दोन चपटे गोळे एका अरुंद मानेने जोडलेले होते. लांबी सुमारे ३६ किलोमीटर. त्या थंड रात्री काढलेली बाह्यरेषा या चित्रावर ठेवली असता नेटकी बसली.