तत आणि सुषिर यांचा एक संसार

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग केले आहेत, हें वाचकांस विदित आहेच. वीणा ही तत, बांसरी ही सुषिर. ह्या दोहोंचा संसार एकाच पेटींत मांडण्याची युक्ति युरोपांतील कारागिरांनीं साधली. अशा वाद्यास क्लॅव्हिऑर्गनम म्हणतात.

पट्टी दाबली कीं लांकडाची एक उभी काडी वर जाते व तिच्यांतील पिसाची नखी तार छेडते. त्याच दाबानें झडप उघडून भात्याचा वारा नळींत शिरतो. तारेचा नाद टणकन् उमटून विरतो, नळीचा नाद बोट उचलीपर्यंत टिकतो. एकाचें उणें दुसऱ्यानें भरून निघतें. मात्र हवा तापली कीं नळीचा स्वर चढतो आणि तारेचा उतरतो. नळी सहसा हलत नाहीं. नमतें घ्यावें लागतें तें तारेलाच!

आपल्या देशासही हें वाद्य अगदींच परकें नसावें. अकबराच्या आज्ञेनें गोव्यास जाऊन आलेल्या हाजी हबीबुल्लानें एक अपूर्व वाद्य आणलें, त्याचें वर्णन बदायूनीनें केलें आहे: माणसाएवढी पेटी, आंत बसून तारा वाजविणारा फिरंगी, आणि बाहेर मोरपंखांशीं बोटें चालविणारे दोघे. हे पंख म्हणजे भाते असावेत, असा तर्क होतो. वर्णन राहिलें, स्वर गेला.

त्याच सुमारास, १५७९ सालीं, लोडेविक थेवेस ह्यानें लंडनमध्यें घडविलेलें असें वाद्य तेथील व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत आहे. त्याच्या नळ्या व भाते नष्ट झाले. अलीकडे माल्कम रोझ हे हार्प्सिकॉर्डकार आणि गोएट्झ व ग्विन हे ऑर्गनकार यांनीं मूळ पेटीचा अभ्यास करून तिची वाजती प्रतिकृति सिद्ध केली. ह्या उद्योगाचें मोल आम्हांस पोथीच्या दृष्टान्तानें कळतें. पंडितास ‘येथें पाठ त्रुटित’ असें लिहून पुढें जातां येतें. कारागिरास तसें जातां येत नाहीं. नळी केवढी, झडप कोठें, हें ठरविल्यावांचून पेटी बोलतच नाहीं. म्हणून प्रतिकृति ही नुसती नक्कल नव्हे. ती हातांनीं लिहिलेली टीका होय.

आमच्या वडप्यास नाशिकच्या रस्त्यालगत गोदामें उभीं राहिलीं आहेत. जुनीं घरें पाडतांना माळ्यावरील पायपेटी मोडींत जाते, हें आतां नित्याचें झालें आहे. एके काळीं संगीत नाटकांत पदांची साथ करणारे ऑर्गनही असेच दिसेनासे झाले. घरांतील प्रत्येक वस्तु जपावी, असें आम्ही म्हणत नाहीं. जागेची अडचण आम्हांसही ठाऊक आहे. परंतु देऊन टाकण्यापूर्वी घरांतील मुलांनीं ती एकदां उघडून पाहावी, भात्याच्या घड्या मोजाव्या, पट्ट्यांचें माप घ्यावें, सुरांचा क्रम लिहून ठेवावा. काम एका दुपारचें आहे. पुढें कोणास ती पेटी पुन्हां घडवावीशी वाटली, तर आपल्या घरचा पाठ तरी त्रुटित राहूं नये.