वाहकाचा जिना

लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर एकाच खात्यात चाकरी करणाऱ्यांपैकी दिवसभर आसनाला खिळलेल्या चालकांना हृद्रोग अधिक ग्रासतो, आणि तिकिटे देत जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना तो कमी, शिवाय झालाच तर उशिरा व सौम्य होतो, हे साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सप्रमाण मांडले. पुढे गणवेशांच्या दफ्तरातील कमरेची मापे तपासता चालकांच्या विजारी मुळातच रुंद निघाल्याने दोष आसनाचा की प्रकृतीचा, असा वाद उपस्थित झाला (शिंप्याची नोंद वैद्यकाच्या कामी यावी, हे मला विशेष रुचते). तथापि हिंडते टपालवाटपे आणि बैठे कारकून यांच्यातही तोच भेद आढळला असल्याने, लिफ्ट बंद पडताच कुरकुरणाऱ्या कचेरीतील धडधाकट मंडळींस दोन मजले पायी चढण्याची शिफारस मी बिनदिक्कत करतो. अर्थात, तंबाखूची पुडी खालीच टाकून.