त्रिरश्मीपासून मुक्तिभूमीपर्यंत : एका दिवसाची सहल



आमच्या शेजारचा मुलगा मागच्या महिन्यात जपानहून परत आला. कारखान्याने त्याला कामाच्या प्रशिक्षणासाठी तिकडे पाठविले होते. संध्याकाळी ओट्यावर बसून तो सर्वांना फोटो दाखवू लागला. जपानमधले सर्वांत मोठे सरोवर बिवा. त्याचा विस्तार सुमारे ६७० चौरस किलोमीटर. सरोवराच्या काठी हिएई नावाचा डोंगर आणि त्यावर एन्र्याकुजी हा बौद्ध विहार. साइचो नावाच्या भिक्खूने तो इ.स. ७८८ मध्ये स्थापन केला. १५७१ साली एका सरदाराने तो जाळून टाकला, तरी लोकांनी तो पुन्हा उभा केला. आज मायबाप मुलाबाळांना घेऊन तिथे जातात, विहार पाहतात, तळ्याकाठी डबा खातात.

माझी धाकटी लेक सहावीत आहे. ती चटकन म्हणाली, "आई, आपण कधीच असे नुसते बघायला जात नाही. नागपूरला गेलो ते दीक्षाभूमीच्या गर्दीत आणि मुंबईला गेलो ते चैत्यभूमीच्या रांगेत. आपल्याकडे डोंगर, विहार आणि तळे असे एकत्र नाहीच का?"

आहे की! पण आम्हीच कधी पाहिले नव्हते. नाशिकमध्ये जन्म गेला आणि त्रिरश्मी लेणी आम्ही हायवेवरून जाताना एस.टी.च्या खिडकीतूनच पाहिलेली. आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी विषय काढला. पाच घरांनी मिळून गाडी ठरविली. रविवारचा दिवस धरला, म्हणजे ह्यांचीही सुट्टी. भाकरी, ठेचा, पिठले बांधून घेतले आणि निघालो. सासूबाई ८२ वर्षांच्या. गुडघे दुखतात म्हणून त्यांना घरी ठेवायचे ठरत होते, पण त्या पदर खोचून आधीच गाडीत जाऊन बसल्या.

शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर मुंबई-आग्रा रस्त्याला लागून त्रिरश्मीचा डोंगर आहे. पायथ्याशी बुद्ध विहार आहे, शेजारीच फाळके स्मारक. वर २४ लेण्यांची रांग आहे. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा इथे काही संबंध नाही. ही भिक्खूंच्या निवासाची आणि वंदनेची जागा. सर्वांत जुने लेणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, तेव्हा मुलांना घरी ठेवण्याचे काही कारण नाही.

दहाव्या लेण्यात शिरलो. भिंतीवर ब्राह्मी लिपीत लेख कोरलेले आहेत. मी वाचनालयातल्या पुस्तकातून टिपून आणलेला कागद काढला आणि बायांना वाचून दाखविला. नहपान राजाचा जावई उषवदात याने हे लेणे भिक्खुसंघाला दिले. शिवाय ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. २००० नाणी दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० नाणी दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ नाणी द्यायची.

आमच्या गटाच्या हिशेबनीस बाई तिथल्या दगडी बाकावर बसल्या आणि बोटांवर मोजू लागल्या. "दोन हजाराला शेकडा एक, म्हणजे महिन्याला वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. वीस जणांना बारा-बारा. बरोब्बर जुळले!" मग म्हणाल्या, "बाई गं, हा तर आपला बचत गटच! आपण शेकडा दोन घेतो, एवढाच फरक."

सगळ्या हसल्या, पण मग गप्प झाल्या. एकोणीसशे वर्षांपूर्वी राजाच्या जावयाला पैसा सुरक्षित राहील असे वाटले, ते विणकरांच्या हातात. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या एका लेखात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी ठेव ठेवली आहे. ती कुंभारांकडे, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांकडे आणि तेल काढणाऱ्यांकडे. हाताला काम असलेल्या माणसाची पत तेव्हा इतकी होती. लेखातले ते गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूरजवळचे गोवर्धन, असे अभ्यासक मानतात.

अठराव्या लेण्याचे चैत्यगृह पाहून तर डोळे निवतात. आत स्तूप आहे. दर्शनी भागावरचे कोरीव काम धंभिक नावाच्या गावाने दिले, असा लेख आहे. म्हणजे अख्ख्या गावाने वर्गणी काढली! आणि चैत्यगृह पुरे करविले ते भट्टपालिका नावाच्या बाईने. तिसरे लेणे गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचे दान. राजमातेचे लेणे मोठे, पण त्याच रांगेत मुगुदास नावाच्या एका माणसाचेही लेणे आहे. तो कोळी असावा, मासे धरणारा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. राजमाता आणि कोळी एका डोंगरावर, एका रांगेत.

इथेच एक प्रसंग घडला. आमच्यातल्या एका पोराने दगड उचलला आणि भिंतीवर स्वतःचे नाव ओरखडायला सुरुवात केली. आधीच्या लोकांनी तशी नावे लिहिलेली होतीच. सासूबाईंनी त्याचा हात धरला. म्हणाल्या, "मुगुदासाने लेणे दिले, तेव्हा नाव कोरले. तू काय दिलेस रे?" पोराने दगड खाली टाकला. मला वाटते, त्या दिवसाची खरी शिकवण तीच.

तिथून निफाडकडे निघालो. निफाडच्या पुढे गोदावरी आणि कादवा नद्यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. इंग्रजांच्या काळात तो बांधला. वरच्या गंगापूर, दारणा धरणांतले पाणी इथे येते आणि कालव्यांनी पुढे शेतीला जाते. वर्षानुवर्षे गाळ साचून बंधाऱ्यामागे उथळ पाणी, दलदल आणि लहान लहान बेटे तयार झाली. धरणाच्या हिशेबाने गाळ म्हणजे तोटा, पण पाखरांना त्यातच अन्न आणि आसरा मिळाला. १९८६ साली इथे पक्षी अभयारण्य झाले. २०१९ साली याची नोंद रामसर यादीत झाली. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी. महाराष्ट्रातून तिच्यात गेलेली ही पहिली जागा. आणि गंमत म्हणजे जपानचे बिवा सरोवरही १९९३ पासून त्याच यादीत आहे! मी लेकीला हे सांगितले तेव्हा ती उड्याच मारू लागली.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पाखरे बघायची तर पहाट गाठावी, ही आमची चूक. तरी हळदी-कुंकू बदके, जांभळ्या पाणकोंबड्या आणि चक्रवाक दिसले. हिवाळ्यात क्रौंच आणि रोहितही येतात. तळ्याकाठी झाडाखाली भाकरी सोडली. मनोऱ्यावरून पाहताना मुलांनी आवाज केला नाही, गाडीत गाणी लावली नाहीत, कागद-पिशव्या परत आणल्या. आपण गेल्यावर पाखरांना आपली आठवणही राहू नये, असे वागावे.

शेवटचा मुक्काम येवला. वाटेत हातमाग पाहिले. पैठणी विणणारे कारागीर खाली मान घालून धाग्यात धागा गुंतवीत होते. हिशेबनीस बाई म्हणाल्या, "गोवर्धनचे विणकर असेच बसत असतील." त्या लेखातली माणसे मला तेव्हा खरी वाटली.

आणि मग मुक्तिभूमी. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्याआधी २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालला होता. दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते. आपल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, दगड खाल्ले, पण दरवाजा उघडला नाही. येवल्याच्या घोषणेनंतर २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली.

सासूबाई पायरीवर बसल्या आणि बराच वेळ बोलल्या नाहीत. मला वाटले, गुडघा दुखत असेल. मग म्हणाल्या, "माझा बाप इथे पायी आला होता. घरी आल्यावर पायाला फोड होते, असे माझी आई सांगायची. मी आयुष्यभर नाशिकात राहिले, पण इथे यायला मला मोटारीतही जमले नाही." लेकीने त्यांचे पाय चेपले. तिने काही विचारले नाही, पण तिला समजले असावे.

परतीच्या वाटेवर हिशेब केला. गाडीभाडे पाच घरांत वाटले, जेवण घरचे. एका लग्नाच्या आहेरापेक्षा खर्च कमी आला. वाचक हो, सहल ही काही साहेब लोकांचीच नाही. मुलांना पुस्तकातला इतिहास सांगून कंटाळा येतो, पण भिंतीवरच्या अक्षरांवर हात न लावता बोट दाखवून सांगितला की तो घरातला होतो. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मागे ठेवू नका. अर्धा इतिहास त्यांच्याकडेच असतो.

पुढच्या खेपेस पहाटे निघायचे, आधी तळे गाठायचे, असे ठरले आहे. गटाने त्यासाठी दरमहा २० रुपये वेगळे काढायला सुरुवात केली आहे.

जयभीम.